कार्टूनच्या सीझनचा क्रम लावायचाय? आधी वीस चिठ्ठ्या कापा

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी बारा ते पाच कुत्रंही सावली सोडत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, पारा ४५ ला टेकलेला, शाळा जूनच्या शेवटापर्यंत बंद. अशा दुपारी कूलरसमोर बसून मी आणि माझा भासा (भाचा) गेले तीन उन्हाळे एकच उद्योग करतोय. एखाद्या कार्टून मालिकेचा एक अख्खा सीझन बघायचा आणि त्यातल्या भागांचा, सगळ्यात चांगला तो पहिला, असा शेवटच्यापर्यंत क्रम लावायचा. गावात हे सांगितलं की लोक आधी माझं वय विचारतात (३६), मग म्हणतात, "त्यात का लावाचं? आवडला तो पयला."

लावून बघा. पहिला सगळ्यांना सांगता येतो. शेवटचाही येतो. अकरावा कोणता आणि बारावा कोणता, असं विचारलं की माणूस कूलरच्या पाण्याकडे बघायला लागतो. हा लेख त्या अकराव्या-बाराव्यासाठी आहे.

उदाहरणाला मी 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'चा दुसरा सीझन घेतलाय. मालिका अमेरिकन आहे. मायकेल दांते दिमार्टिनो आणि ब्रायन कोनीत्झको या दोघांनी ती रचली आणि निकेलोडियनवर ती २००५ ते २००८ या काळात चालली. तीन सीझन, एकूण ६१ भाग. सीझनला ते 'बुक' म्हणतात: पाणी, पृथ्वी, अग्नी. आपला दुसरा, म्हणजे पृथ्वीचा. २० भाग, मार्च ते डिसेंबर २००६. बारा वर्षांचा आंग हा मुलगा चारही तत्त्वं वश करायला निघालाय, सोबत कटारा आणि सोक्का ही भावंडं, आणि मागे लागलेत अग्निराष्ट्राचे लोक. एवढं माहीत असलं तरी पुरे. पुढे मी कथा उघडी करणार आहे, तेव्हा ज्यांना ती कोरी बघायची असेल त्यांनी आधी बघून या. लेख कुठं पळत नाही.

सीझन कोणता घ्यायचा

भागांची संख्या १२ ते २६ च्या दरम्यान असेल आणि गोष्ट पुढे सरकत असेल, असा. जपानी मालिका बऱ्याचदा १२-१३ भागांच्या तुकड्यांत येतात, नवशिक्याला त्या सोप्या पडतात. शिनचॅन किंवा डोरेमॉन नको. मला दोन्ही आवडतात, पण तिथं अर्ध्या तासात दोन-तीन सुट्या गोष्टी असतात आणि भाग मोजायचे कसे यावरच भांडण होतं. शेकड्यांनी भाग असलेली मालिका तर मुळीच नको. मी पहिल्या उन्हाळ्यात तसली एक घेतली होती. पोळा आला तरी आम्ही ४७ व्या भागावर.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका: जोडभाग एक धरायचे की दोन? या सीझनमध्ये 'द सर्पंट्स पास' आणि 'द ड्रिल' एकाच दिवशी जोडून दाखवले गेले होते, शेवटचे 'द गुरू' आणि 'द क्रॉसरोड्स ऑफ डेस्टिनी' हेही तसेच. माझा नियम सरळ आहे. नाव वेगळं असेल तर भाग वेगळा.

बघायचं कसं

एक भाग साधारण २३-२४ मिनिटांचा. वीस भाग म्हणजे आठ तास. दिवसाला दोन धरले तर दहा दुपारी. एका रात्रीत सगळे संपवू नका. सलग आठ भाग बघितले की पाचवा आणि सहावा डोक्यात एकमेकांत मिसळतात, मग क्रम लावताना तुम्ही 'ते वाळवंटातलं' असं काहीतरी म्हणता आणि वाळवंटात दोन भाग घडलेले असतात.

रेंज आमच्याकडे मारुतीच्या पाराजवळच येते. म्हणून मी सकाळी तिथं उभा राहून त्या दिवशीचे दोन भाग उतरवून घेतो आणि दुपारी घरात बघतो. लाइन गेली तर मोबाइलवर बघायचं, पण मग तो भाग मोबाइलवर बघितला हे लिहून ठेवायचं. हसू नका. 'द स्वॉम्प' हा दलदलीतला भाग पहिल्यांदा आम्ही पाच इंची पडद्यावर, उन्हाच्या तिरिपेत, निम्मा अंधारच बघितला आणि त्याला सतरावा टाकला. दुसऱ्यांदा टीव्हीवर बघितला तेव्हा कळलं की त्या भागातली अर्धी गोष्ट वेलींच्या आणि धुक्याच्या चित्रांत आहे.

प्रत्येक भाग संपला की लगेच दोन ओळी लिहा. मी कृषी केंद्रातून मिळालेल्या डायरीत लिहितो, वर कीटकनाशकाची जाहिरात, खाली आंग. 'छान होता', 'बोअर' असं लिहायचं नाही. डोळ्यांपुढे राहिलेलं एक दृश्य लिहायचं. आणि लेखकाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव. ही नावं लोक वाचत नाहीत, पण क्रम लागल्यावर तीच सगळ्यात जास्त मजा देतात. माझ्या यादीत पहिले दोन भाग कोणते येतात ते पुढे सांगतो. ते एकाच बाईने लिहिलेत हे मला यादी झाल्यावर डायरी चाळताना कळलं.

गुण देऊ नका

नवीन माणूस हमखास हीच चूक करतो, मीही केली. दहापैकी गुण दिले. वीस भागांचे गुण असे आले: अकरा भागांना ९, सहांना ८, दोघांना १० आणि एकाला ६. झाला का क्रम? भासा तेव्हा नववीत होता. तो डायरीत डोकावून म्हणाला, "मामा, नऊ त मीही देतो. पन या अकरा नवातला मोठा नऊ कोनता?"

आवडत्या मालिकेला आपण कंजुषीने गुण देऊच शकत नाही. शिवाय पहिल्या दिवशीचा ८ आणि दहाव्या दिवशीचा ८ हे सारखे नसतात. पहिल्या दिवशी आपण नवीन मास्तरासारखे कडक असतो. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बरं असतं, जोडी सुटली की घड्याळ सेकंद सांगतं, वाद घालायचा तर घड्याळाशी घाला. भागांना घड्याळ नाही. म्हणून दोन भाग शेजारी उभे करायचे आणि विचारायचं, या दोघांत कोण?

चिठ्ठ्या

लग्नसराईत घरात पत्रिकांचा ढीग साचतोच. त्यांचा कागद जाड असतो आणि मागची बाजू कोरी. एका पत्रिकेतून चार चिठ्ठ्या निघतात, पाच पत्रिकांत काम होतं. गणपतीचं चित्र असलेला तुकडा आई कापू देत नाही, तो वेगळा ठेवा. प्रत्येक चिठ्ठीवर भागाचा क्रमांक, नाव आणि डायरीतलं ते एक दृश्य. खाली जागा मोकळी सोडा.

चिठ्ठ्या सतरंजीवर मांडायच्या. कूलर चालू असेल तर प्रत्येकीवर एक-एक चिंचोका ठेवायचा, नाहीतर अग्निराष्ट्राची राजकन्या अझुला उडून स्वयंपाकघरात जाते. मोबाइलमध्ये यादी करून नावं वरखाली सरकवता येतात हे मला माहीत आहे. पण बोटाने उचलून इकडची तिकडे ठेवताना जो विचार होतो, तो पडद्यावर ढकलताना होत नाही, हे माझं मत. आणि दोघांना मिळून करायचं असेल तर सतरंजीच बरी.

मोजमाप आधी, मांडणी नंतर

इथं घाई करू नका. सगळा घोळ इथंच होतो.

'चांगला भाग' म्हणजे काय? माझ्या मते यात तीन वेगळे प्रश्न दडलेत. एक, हा भाग एकटा काढून कुणाला दाखवला तर तो स्वतःच्या पायावर उभा राहतो का? दोन, हा भाग काढून टाकला तर सीझन कुठं लंगडतो का? तीन, मला तो पुन्हा बघावासा वाटतो का?

या तिघांची उत्तरं एकमेकांशी जमत नाहीत. 'द लायब्ररी' काढून टाकला तर सीझन मोडून पडतो. वाळूतल्या ग्रंथालयात बाकीचे ग्रहणाची माहिती शोधत असतात आणि बाहेर आप्पाला, म्हणजे आंगच्या उडत्या जनावराला, चोर ओढून नेतात. पुढच्या सहा-सात भागांचं दुःख त्या एका प्रसंगातून येतं. उलट 'टेल्स ऑफ बा सिंग से' काढलात तर कथेचं फारसं काही बिघडत नाही. शहरातल्या एका दिवसाच्या सहा छोट्या गोष्टी आहेत, बस. पण त्यातली आयरो या म्हाताऱ्याची गोष्ट काही मिनिटांचीच. तो बाजारात रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो, लुटायला आलेल्या माणसाला उभं कसं राहायचं ते शिकवून वर चहा पाजतो आणि संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली मेलेल्या मुलाचा फोटो मांडून, उदबत्ती लावून, तेच गाणं म्हणताना रडतो. ज्याने मालिकेचा एकही भाग बघितला नाही त्यालाही ते कळतं.

मग वर कोण? दुसरा प्रश्न मोठा धरला तर 'लायब्ररी', पहिला धरला तर 'टेल्स'. दोन्ही बरोबर. चूक एवढीच, की सकाळी पहिल्या प्रश्नाने मोजायचं आणि जेवण झाल्यावर दुसऱ्याने. कोणता प्रश्न मुख्य ते डायरीत पहिल्या पानावर लिहा. मी पहिला घेतो, बरोबरी झाली तर तिसऱ्याला विचारतो. भासा दुसरा घेतो, म्हणून आमच्या याद्या कधी जुळत नाहीत आणि जुळाव्यात असं कुणाचं म्हणणंही नाही.

'टेल्स'वरून आणखी एक. आयरोला आवाज देणारा माको हा नट जुलै २००६ मध्ये वारला. हा भाग त्यानंतर सप्टेंबरात आला आणि ती गोष्ट त्याला अर्पण केलेली आहे. हे कळल्यावर माझी चिठ्ठी सातवरून चारवर गेली. हे योग्य का? पडद्याबाहेरची माहिती मोजायची का? माझा तोडगा असा: पहिली यादी काहीही न वाचता, कोऱ्या मनाने. मग वाचा, आणि चिठ्ठी सरकली तर सरकू द्या, पण जुना क्रमांक खोडू नका. त्याच्या शेजारी नवा लिहा.

तीन ढीग

आता चिठ्ठ्या हातात घ्या आणि झटपट तीन ढीग करा. पहिल्या वेच्याचा, मधला आणि फरदड. कापूसवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर मागे राहिलेल्या झाडांचा हलक्या प्रतीचा कापूस. एका चिठ्ठीवर दहा सेकंदांपेक्षा जास्त विचार नको, अडलं की मधल्यात टाका. माझे सहा, दहा आणि चार असे पडले होते. मधला ढीग मोठा असणारच.

जोड्या लावणं

प्रत्येक भागाची प्रत्येकाशी झुंज लावली तर वीस भागांच्या १९० जोड्या होतात. एवढ्या लावायला जून उजाडेल आणि तेव्हा पेरणीचं बघायचं असतं. त्यापेक्षा हे करा.

एक चिठ्ठी खाली ठेवा. दुसरी घ्या, वर की खाली ठरवा. तिसरी घ्या आणि तिला मधल्या चिठ्ठीशी भिडवा. असं करत जा. समजा सतरंजीवर पंधरा चिठ्ठ्या क्रमाने लागल्यात आणि सोळावी आली, तर तिला वरून एकेकीशी तोलत बसायचं नाही. थेट आठवीशी तोलायचं. हरली तर खालच्या सातांतल्या मधलीशी, म्हणजे बारावीशी. तिथं जिंकली तर दहावीशी. चार तुलनांत तिची जागा सापडते. विसाव्या चिठ्ठीलाही जास्तीत जास्त पाच लागतात. वीसच्या वीस अशा लावल्या तर तुलना ६९ च्या वर जातच नाहीत, आणि ढीग आधीच पाडलेले असले तर त्याहून बऱ्याच कमी पडतात. आम्ही दोन दुपारींत उरकतो.

तुलना करताना बोलायचं, मोठ्याने. आमची 'द ड्रिल' विरुद्ध 'द चेस' ही जोडी डायरीत जशीच्या तशी लिहिलेली आहे.

'ड्रिल'मध्ये अग्निराष्ट्राचं एक राक्षसी यंत्र बा सिंग सेच्या तटबंदीला भोक पाडायला येतं आणि आपली मंडळी त्याच्या पोटात शिरून ते मोडतात. 'चेस'मध्ये अझुला आणि तिच्या दोन मैत्रिणी रात्रभर पाठलाग करतात, कुणालाच झोप मिळत नाही आणि सगळे एकमेकांवर खेकसायला लागतात.

भासा म्हणाला, "ड्रिल. केवढी मोठी मशीन हाय ते!"

मी म्हटलं, "मशीन मोठी आहे हे मान्य. पण त्या भागात कुणी बदललं का? आत गेले तसेच बाहेर आले."

"मंग चेसमदी कोन बदललं?"

"टोफ. नवीन आलेली, कुणाचं ऐकत नाही, स्वतःचं सामान स्वतः उचलते आणि त्यावरून कटाराशी भांडते. आणि गंमत बघ, अझुलाला माग कसा लागतो? आप्पाची लोकर झडते म्हणून. आपलंच जनावर आपला पत्ता देतं."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लोकरीचं मी इसरलोच होतो," आणि चिठ्ठी त्यानेच वर सरकवली. हे असं झालं पाहिजे. 'मला वाटतं' आणि 'मला नाही वाटत' यावर जोडी सुटत नाही, दृश्यावर सुटते. ज्याला दृश्य आठवत नाही त्याने भाग पुन्हा बघावा, तोवर चिठ्ठी चिंचोक्याखाली.

फेरा पडला तर

कधी कधी असं होतं: अ हा ब पेक्षा वर, ब हा क पेक्षा वर, आणि क मात्र अ पेक्षा वर. आमचा फेरा तीन भागांत पडला. 'द ब्लाइंड बँडिट' (आंधळी टोफ कुस्तीच्या आखाड्यात धिप्पाड मल्लांना लोळवते) हा 'बिटर वर्क'पेक्षा वर, 'बिटर वर्क' हा 'स्वॉम्प'पेक्षा वर, आणि 'स्वॉम्प' पुन्हा 'ब्लाइंड बँडिट'पेक्षा वर. का? भाशाचं म्हणणं, दलदलीत आंगला जी हसणारी अनोळखी मुलगी दिसते ती टोफच असते. तिची चाहूल आधी तिथं लागते, म्हणून 'स्वॉम्प' मोठा.

मुद्दा बिनतोड, पण तो दुसऱ्या प्रश्नातला, आणि त्या दिवशी आम्ही माझ्या यादीवर बसलो होतो. फेरा पडला की समजायचं, मधेच कुणीतरी माप बदललं. पहिलं पान उघडा, मुख्य प्रश्न वाचा आणि तिन्ही जोड्या पुन्हा लावा. तरीही सुटेना तर तिघांना लागोपाठचे क्रमांक द्या आणि त्यातल्या त्यात ज्याचं शीर्षक ऐकल्यावर आधी हसू येतं तो वर. शेवटी हा छंद आहे, सातबारा नाही.

कुठं पाय घसरतो

शेवटचा भाग आपोआप पहिला येतो. 'क्रॉसरोड्स ऑफ डेस्टिनी'त शहर पडतं, अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको ऐन वेळी बहिणीच्या, म्हणजे अझुलाच्या, बाजूने उभा राहतो, आंगवर वीज पडते. इतकं सगळं झाल्यावर माणूस थरथरतच पहिला क्रमांक देणार. त्या चिठ्ठीला आठ दिवस हात लावू नका. माझ्याकडे ती शेवटी तिसऱ्यावर स्थिरावली.

रडवलं म्हणून भाग मोठा, हसवलं म्हणून छोटा, हीही एक जुनी खोड. 'अवतार डे'मध्ये सोक्का टोपी घालून डिटेक्टिव्ह होतो आणि शिक्षा जत्रेतल्यासारखं चक्र फिरवून ठरते. मी तो विसावा टाकलाय, पण विनोदी आहे म्हणून नाही. त्यातला खटला कुठंच पोचत नाही म्हणून.

'फिलर' हा शब्दही जपून. कथा पुढे नेत नाही तो भाग भरताड, असं फॅन लोक बोलून मोकळे होतात. त्या मापाने 'टेल्स'ही भरताडच ठरेल.

मारामारीचे भाग तोलताना हालचाली बघा. या मालिकेत प्रत्येक तत्त्वाला खऱ्या चिनी युद्धकलेचा आधार आहे: पाण्याला ताय ची, पृथ्वीला हुंग गार, अग्नीला उत्तर शाओलिन, वायूला बाग्वा. पृथ्वीवाल्या टोफची पद्धत मात्र वेगळी, प्रार्थनाकीटकाच्या (प्रेइंग मँटिस) दक्षिणी शैलीवरची. एवढं माहीत असलं की 'बिटर वर्क'मध्ये वाऱ्यासारखा सटकणारा आंग दगडासमोर पाय रोवून का उभा राहू शकत नाही, ते त्याच्या पायांकडे बघूनच कळतं.

दुसऱ्या कुणाला तरी दाखवा

यादी झाली की मालिका न बघितलेल्या माणसापुढे अख्खी यादी ठेवू नका, वरचे दोन भाग ठेवा. आमच्याकडे ते काम आबाजींनी केलं. वय ८१, इंग्रजी शून्य, आणि मालिकेतल्या उडणाऱ्या सहापायी बैलासारख्या जनावराचं नाव आप्पा आहे हे कळल्यावर दोन दिवस हसत होते, कारण गावात त्यांच्या वयाचे एक आप्पा आहेत आणि दोघांचं फारसं पटत नाही.

'आप्पाज लॉस्ट डेज' हा भाग तेव्हा माझ्या यादीत सहावा होता. चोरीनंतर आप्पावर काय गुजरलं, एवढंच त्यात आहे. संवाद थोडे, जे आहे ते त्या जनावराच्या डोळ्यांनी. त्याला विकतात, सर्कशीत आगीचा धाक दाखवतात, तो पळतो, अंगात काटे रुतलेले, माणूस दिसला की बिथरतो. अमेरिकेतल्या एका प्राणिरक्षण संस्थेने या भागाला जेनेसिस पुरस्कार दिला होता. आबाजींना यातलं काही सांगितलं नव्हतं. ते खाटेवर पडून होते. सर्कस आली तेव्हा उठून बसले.

"त्याले इकलं काऊन बे?"

"चोरांनी विकलं, आबाजी."

मग सुकी नावाची मुलगी त्या बिथरलेल्या जनावराजवळ जाते तो प्रसंग आला. ती बाकीच्या मुलींना मागे थांबवते आणि एकटीच, हळू, बोलत-बोलत पुढे होते. आबाजी पडद्याकडे बोट करून म्हणाले, "हे पोट्टी बराबर करून रायली. मार खाल्लेल्या जनावराकडे धावून नाई जा लागत. त्याले आपले हात दिसू द्या लागते." ज्या माणसाने साठ वर्षं बैल सांभाळले आणि बैल हाकायच्या काठीची, तुतारीची, आर बोथट करून वापरली, त्याचं हे मत. मी तो प्रसंग तीनदा बघितला होता आणि हातांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

भाग दुसऱ्या क्रमांकावर गेला. आबाजींचा मान म्हणून नव्हे. त्यांनी दाखवलेली गोष्ट पडद्यावर खरोखर होती. हाच नियम सगळ्यांना लावा: समोरच्याने कारण दिलं आणि ते भागात सापडलं तर चिठ्ठी हलवा. नुसता आवाज चढवला तर हलवू नका, मग तो मोठा भाऊ का असेना.

प्रत्येकाला एक वाक्य

चिठ्ठीवर मोकळी सोडलेली जागा आठवते? तिथं आता एक वाक्य लिहायचं: हा भाग इथंच का. 'सर्वोत्तम', 'अप्रतिम', 'जबरदस्त' हे तीन शब्द बंद. वरच्या भागांचं लिहिणं सोपं असतं, मधल्यांचं लिहिताना घाम निघतो आणि बऱ्याचदा लिहितानाच कळतं की नववा खरं तर बारावा आहे.

माझ्या पहिल्या क्रमांकाचं वाक्य असं आहे: "कवेलू फेरणाऱ्या घरात बसून बघितला आणि नाव सांगितल्यावर दार बंद झालं." भाग, 'झुको अलोन'. आंग त्यात नाहीच. घरातून हाकललेला राजपुत्र झुको एका शेतकऱ्याच्या घरी राहतो. गावाचं रक्षण करायला ठेवलेले शिपाईच गावाला लुटत असतात, त्याच्या जनावराचा चारासुद्धा हिसकावून नेतात. घरातला मोठा मुलगा लढाईवर गेलेला. झुको त्यांच्या गोठ्याच्या छपरावर बसून खिळे ठोकतो आणि अंगठ्यावर हातोडी मारून घेतो. आम्ही तो बघितला त्याच आठवड्यात मी पावसाआधी घरावर चढून कवेलू, म्हणजे कौलं, फेरत होतो, अंगठा माझाही सुजलेला होता. शेवटी तो त्या गावासाठी लढतो आणि आपलं खरं नाव सांगतो. नाव शत्रूच्या राजपुत्राचं. ज्या पोराने त्याला डोक्यावर घेतलं होतं ते पोरगंच त्याने दिलेला खंजीर नाकारतं. लेखिका एलिझाबेथ वेल्च एहास, आणि 'आप्पाज लॉस्ट डेज'ची लेखिकाही तीच. दोन्ही भागांत घर सुटलेला एक जीव एकटा चालतोय.

यात माझा सुजलेला अंगठा मोजला गेला का? गेला. म्हणूनच तो वाक्यात आहे. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हा माणूस कुठं बसून बोलतोय.

मुरू द्या

यादी झाल्यावर पंधरा दिवस तिच्याकडे बघायचं नाही. मग चिठ्ठ्या पिसून, जुना क्रम न बघता, फक्त मधला ढीग पुन्हा लावायचा. जे भाग दोन-तीन घरं इकडेतिकडे झाले ते तसेच राहू द्या. एखादा पाच घरं सरकला तर तो पुन्हा बघायचा. माझ्याकडे 'सिटी ऑफ वॉल्स अँड सीक्रेट्स' असा चौदावरून आठवर आला. बाहेर युद्ध पेटलेलं असताना युद्धाचं नावही काढू न देणारं ते शहर पहिल्यांदा मला संथ वाटलं होतं. दुसऱ्यांदा बघताना गाइड बाईचं ते न हलणारं हसू अंगावर आलं.

यादीवर तारीख टाका. चिठ्ठ्या रबर लावून पाकिटात ठेवा आणि पाकिटावर भाशाचं नाव आणि तुमचं नाव वेगवेगळं लिहा, एकत्र यादी करायच्या भानगडीत पडू नका. तिसऱ्या सीझनला २१ भाग आहेत, तेव्हा पुढच्या लग्नसराईत एक पत्रिका जास्तीची बाजूला काढून ठेवा.